लॅपटॉपच्या कडेची ती फट

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी साडेआठला मामाचा फोन आला. शनिवारी सकाळी साडेआठला फोन करणारा माणूस एकतर क्रेडिट कार्ड विकणारा असतो नाहीतर नात्यातला, आणि दोघांनाही 'अजून झोपलोय' हे कारण चालत नाही.

"अरे, तुझ्याकडे तो जुना काळा लॅपटॉप आहे ना अजून? ती कार्डाची फट असलेला?"

आता गंमत बघा. आठवडाभर ऑफिसात मी क्लाउड, कंटेनर आणि काय काय करत असतो. अप्रेझलमध्ये त्याबद्दल चार चांगले शब्दही येतात. पण घरच्यांच्या दृष्टीने माझं काम एकच, 'कॉम्प्युटरचं बघणं'. यात प्रिंटर, वायफाय, आजीचा व्हॉट्सॲप आणि मामाचं मशीन असं सगळं येतं. म्हटलं, आहे लॅपटॉप, माळ्यावर. पण तुला कशाला हवाय?

मामाचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ आणि एक व्हीएमसी. व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. हे मशीन २००३ सालचं, मामाने सेकंडहॅंड घेतलेलं. त्याच्या जपानी कंट्रोलरच्या स्क्रीनवर काही दिवसांपासून एका कोपऱ्यात बॅटरीची सूचना लुकलुकत होती. ऑपरेटरने ती पाहिली होती. मामानेही पाहिली होती. 'मशीन चालतंय ना' या थोर तत्त्वावर दोघांनीही सोडून दिली होती.

ही बॅटरी नेमकं काय करते हे मामाने नीट सांगितलं तेव्हा माझी झोप उडाली. अशा जुन्या कंट्रोलरमध्ये मशीनचे पॅरामीटर्स, टूल ऑफसेट, जॉबचे प्रोग्रॅम हे सगळं एसरॅममध्ये असतं. एसरॅम म्हणजे वीज आहे तोवरच लक्षात ठेवणारी मेमरी. मशीन बंद असताना ती जिवंत ठेवते ही एक छोटी लिथियम बॅटरी. ती मेली आणि मशीन बंद केलं, की मशीनला आपण कोण आहोत हेच आठवत नाही. कुठला ॲक्सिस किती लांब, कुठल्या मोटरला किती गेन, काही काही नाही. उरतं ते काही टनांचं लोखंड, ज्याचा हप्ता मात्र चालू असतो. म्हणून बॅटरी बदलायची तीही मशीन चालू ठेवून, आणि त्याआधी बॅकअप घ्यायचा.

बॅकअप घ्यायला स्क्रीनच्या शेजारी एक झाकण असतं. ते उघडलं की आत फट. पीसीएमसीआयए कार्डाची फट!

आणि मामाच्या ड्रॉवरमध्ये, मशीनबरोबर आलेलं, वर जुन्या मालकाच्या हस्ताक्षरात काहीतरी लिहिलेलं एक कार्ड होतं. मधल्या काळात ते कोणीच वाचू शकलं नव्हतं. मामाच्या अकाउंटंटच्या लॅपटॉपला ती फट नाही, माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला नाही, कोणाच्याच लॅपटॉपला नाही.

ज्यांचा जन्म या प्रकारानंतरचा आहे (आणि ज्यांचा आधीचा आहे पण ज्यांनी ती फट कधी वापरलीच नाही, म्हणजे जवळजवळ सगळे), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पीसीएमसीआयए ही मुळात कंपन्यांची संघटना, १९८९ साली स्थापन झालेली. नाव इतकं अवघड की त्याचा दुसराच विस्तार प्रसिद्ध झाला, 'पीपल कान्ट मेमराइज कॉम्प्युटर इंडस्ट्री ॲक्रोनिम्स'. सुरुवातीला ही कार्डं फक्त मेमरीसाठी होती. मग १९९१ च्या आवृत्तीत मोडेम, नेटवर्क वगैरे घालायची सोय झाली. लांबीरुंदी ८५.६ बाय ५४ मिलिमीटर, म्हणजे अगदी आपल्या एटीएम कार्डाएवढी. जाडी तीन प्रकारची, ३.३, ५ आणि १०.५ मिलिमीटर. जाड्यात चक्क हार्डडिस्क मावायची. पुढे १९९५ च्या सुमारास कार्डबस आलं, म्हणजे तीच फट पण आत ३२ बिटांचा पीसीआय बस. २००३ मध्ये एक्सप्रेसकार्ड आलं. ते ३४ किंवा ५४ मिलिमीटर रुंदीचं, आणि त्यात पीसीआय एक्सप्रेसची एक लेन अधिक यूएसबी २.० असं दोन्ही. जुनं कार्ड नव्या फटीत जात नाही, हे सांगायला नकोच.

इथे मला एक जुनी आठवण सांगायचीय. माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. त्याच्या पहिल्या कंपनीने त्याला लॅपटॉप दिला तेव्हा आमच्याकडे तो बघायला म्हणून लोक आले होते. मी दुसरी-तिसरीत असेन. त्या लॅपटॉपच्या कडेला एक बटण होतं, ते दाबलं की एक प्लास्टिकचं कार्ड बाहेर यायचं. मी ते दहा वेळा बाहेर काढलं आणि आत घातलं. हे काय करतं असं विचारल्यावर दादा म्हणाला, "काही नाही, ते नकली आहे. फट रिकामी दिसू नये म्हणून." बऱ्याच लॅपटॉपमध्ये असंच नकली कार्ड असायचं, आणि बहुतेकांच्या लॅपटॉपमध्ये ते शेवटपर्यंत तिथेच राहिलं. माझ्या बालमनाला वाटलं होतं, की काय मूर्ख लोक आहेत, फट करतात आणि मग बुजवायला कार्डही देतात!

खरं सांगायचं तर अगदी आत्ताआत्तापर्यंत माझं मत साधारण तेच होतं.

असो. तर मी माळ्यावरून लॅपटॉप काढला. २००६ सालचा, जाड, काळा, कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असताना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला. कुठल्यातरी ऑफिसने भंगारात काढलेला माल होता. बॅटरी कधीच गेलेली, म्हणजे तो आता 'लॅपटॉप' फक्त नावालाच, वायर लावली तरच चालतो. त्यावर एक हलकं लिनक्स टाकून ठेवलेलं होतं. रिक्षाने भोसरीला गेलो, कार्ड फटीत सरकवलं, 'खट्' असा तो आवाज आला (यूएसबीला असा आवाज नाही, साहेब!), आणि दोन सेकंदांत स्क्रीनवर एक छोटीशी डिस्क दिसायला लागली. साधी फॅट फाइल सिस्टम. आत जुन्या मालकाच्या काळातला बॅकअप आणि काही प्रोग्रॅम.

मी काही जादू केली नव्हती. ही एटीए प्रकारची फ्लॅश कार्डं कॉम्प्युटरला सरळ हार्डडिस्कसारखीच दिसतात. पण मामाचा ऑपरेटर माझ्याकडे ज्या आदराने बघत होता तसं अजून माझ्या मॅनेजरने कधी बघितलेलं नाही.

आधी कार्डावरचं सगळं कॉपी करून घेतलं. मग तेच कार्ड मशीनमध्ये घालून ताजा बॅकअप घेतला. मशीन चालू करताना स्क्रीनखालची उजवीकडची शेवटची दोन बटणं दाबून धरायची, की एक साधा मेन्यू येतो, त्यात सगळी एसरॅम एका झटक्यात कार्डावर उतरवता येते. मग परत लॅपटॉप, परत कॉपी, एक प्रत पेनड्राइव्हवर, एक मामाच्या मेलवर. मामी तेवढ्यात पोहे घेऊन आली. दुपारी एक वाजता मी घरी परत.

बॅटरी मात्र तेव्हा मिळाली नाही. मामा म्हणाला, "सोमवारी येतो म्हणालाय." सोमवारचा मंगळवार झाला, मंगळवारचा बुधवार. गुरुवारी त्या भागात सुट्टी, मशीन बंद. शुक्रवारी सकाळी ऑपरेटरने मशीन चालू केलं आणि स्क्रीनभर अलार्म. मशीन सगळं विसरलेलं.

त्या दिवशी मी ऑफिसात स्टँडअपमध्ये होतो. मामाचे चार मिस्ड कॉल. बाहेर येऊन फोन केला तर त्याचा आवाज ऐकून मला वाटलं कोणाला काही झालं की काय. दोन ठिकाणची ऑर्डर त्या मशीनवर होती आणि सर्व्हिसवाला चार दिवसांनी येतो म्हणत होता, वर त्याची व्हिजिट फी वेगळी. मी म्हटलं, मामा, आधी नवी बॅटरी घाल, मग ते कार्ड घाल, तीच दोन बटणं, त्याच मेन्यूत यावेळी बॅकअपऐवजी रिस्टोअर. फोन चालूच ठेवला. पंधरा मिनिटांनी पलीकडून मशीन होमला जातानाचा आवाज आला. मामा काही बोलला नाही, नुसता "हं" म्हणाला. त्याचा तो "हं" माझ्या लक्षात राहणार आहे.

हे सगळं मी ऑफिसात जेवताना सांगितलं तर माझ्या टीममधला एक मित्र (हुशार आहे, पण प्रत्येक गोष्टीला 'बट व्हाय' विचारायची त्याला सवय) म्हणाला, "यात फटीचं काय कौतुक? कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड आणि अडॅप्टर वापर, यूएसबी कार्ड रीडर वापर, विषय संपला."

त्याचं बरोबर आहे. कॉम्पॅक्टफ्लॅश ही मुळात पीसीएमसीआयएचीच लहान बहीण, १९९४ ची. दोन्हीची विजेची भाषा एकच, म्हणून मधला अडॅप्टर म्हणजे नुसत्या तारा असतात, त्यात चिप लागत नाही. मामाने आता तेच घेतलंय. लहान क्षमतेचं कार्ड शोधायला लागलं एवढंच, कारण जुन्या कंट्रोलरला मोठं कार्ड पचत नाही. पण मामाच्या ड्रॉवरमधलं कार्ड तसं नव्हतं. ते एकसंध पीसीएमसीआयए कार्ड होतं, आत काढण्यासारखं कॉम्पॅक्टफ्लॅश नव्हतं, आणि ते जाईल असा यूएसबी रीडर बाजारात सहजासहजी मिळत नाही. पाहिजे ते कार्ड आधी विकत घ्या म्हणजे अडचण येणार नाही, हे उत्तर अडचण आलेल्या माणसाला देऊन काय उपयोग?

त्या निमित्ताने मात्र मी विचार करायला लागलो, की यूएसबीचं भोक आणि ही फट यात फरक काय? दोन्हीत काहीतरी घालायचंच असतं ना.

एक फरक उघड आहे. भोकात घातलेली वस्तू बाहेर लोंबते, फटीत घातलेली आत राहते. हसू नका, हा फार मोठा फरक आहे. हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये मांडीवर लॅपटॉप, त्याला इंटरनेटचा डोंगल, आणि शेजारच्याने उठताना सॅक फिरवली... माझ्या एका मित्राचा मदरबोर्डच गेला. डोंगलला काही झालं नाही. याउलट त्या आधीच्या काळात मावसभाऊ सीडीएमएचं डेटा कार्ड वापरायचा, ते फटीत जायचं आणि बाहेर फक्त इवलीशी अँटेना राहायची. त्याच्याही आधी, म्हणजे २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनोच्या नावाखाली वायफाय लॅपटॉपच्या आतच द्यायला सुरुवात केली त्याच्या आधी, वायफाय हवं तर कार्ड, नेटवर्क हवं तर कार्ड, मोडेम हवा तर कार्ड. अर्थात नेटवर्क कार्डाला बारीक वायरचं एक शेपूट लागायचं, आणि ते शेपूट हमखास हरवायचं. तेव्हा सगळंच काही गोड नव्हतं.

दुसरा फरक आमच्यासारख्यांना जास्त भावणारा. यूएसबी म्हणजे खिडकीवर उभं राहून अर्ज देणं. आतला साहेब तो बघेल, मग पुढे पाठवेल. कार्डबस किंवा एक्सप्रेसकार्ड म्हणजे थेट ऑफिसात खुर्ची. कार्ड सरळ बसवर असतं, मेमरीशी स्वतः बोलतं. म्हणून तर एक्सप्रेसकार्डातून लोकांनी बाहेरचं डेस्कटॉप ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपला जोडलं. २०११ च्या थिंकपॅड एक्स-२२० सारख्या पिटुकल्या मशीनवर, एका लेनवर! डेस्कटॉपमध्ये त्याच कार्डाला सोळा लेन असतात. तरी बाहेरचा मॉनिटर लावला की बरेच गेम खेळण्यासारखे चालायचे. टेबलावर उघडं ग्राफिक्स कार्ड, वेगळा पॉवर सप्लाय, वायरींचं जंजाळ, दिसायला एकदम आयसीयू. पण जुन्या लॅपटॉपला दोन-तीन वर्षं जास्त मिळाली.

या थेट खुर्चीचा तोटाही आहे. जे मेमरीशी थेट बोलतं ते मेमरी चोरूही शकतं. पुढे प्रोसेसरमध्ये आयओएमएमयू आलं आणि त्यावर बंधन घालायची सोय झाली, पण ज्या ऑफिसांना सुरक्षेची काळजी होती त्यांनी या फटी बायॉसमधून बंद करून ठेवल्या तर त्यांना दोष देता येणार नाही.

कामाचे उपयोग म्हणाल तर माझ्या यादीत सगळ्यात वर सीरियल पोर्ट येतो. जुने पीएलसी, जुनी मापनयंत्रं, सीएनसीचं आरएस-२३२. यूएसबीचं स्वस्त कन्व्हर्टर लावलं की कधी चालतं, कधी नाही, कारण जुनं सॉफ्टवेअर थेट हार्डवेअरशी बोलायला जातं आणि तिथे हार्डवेअर नसतंच, ड्रायव्हरने उभा केलेला देखावा असतो. फटीत जाणाऱ्या सीरियल कार्डावर मात्र खरी यूएआर्ट चिप असते. भोसरी-चाकणमध्ये सर्व्हिस इंजिनिअर लोक जुने लॅपटॉप जीव लावून सांभाळतात ते उगाच नाही. व्हिडिओवाल्यांची दुसरी तऱ्हा. पॅनासोनिकची पी-टू कार्डं पीसीएमसीआयए आकाराची होती आणि सोनीची एसएक्सएस थेट एक्सप्रेसकार्डाच्या आकाराची, म्हणजे कॅमेऱ्यातून काढलं, लॅपटॉपमध्ये घातलं, एडिटिंग सुरू. यूएसबी ३.० चं एक्सप्रेसकार्डही मिळायचं, पण त्यात एक गोम होती. पहिल्या पिढीच्या फटीची लेन सेकंदाला २५० एमबीची, यूएसबी ३.० ची क्षमता त्याच्या दुपटीच्या आसपास. शिवाय फटीतून ३.३ आणि १.५ व्होल्टच मिळतात, यूएसबीला लागतात ५. म्हणून त्या कार्डाला बाजूने आणखी एक पॉवरची वायर लावायची. म्हणजे वायर टाळायला कार्ड आणि कार्डाला वायर :-)

आणि फायरवायर! हे माझ्या स्वतःच्या उपयोगाचं. आमच्या घरी माझ्या मुंजीच्या मिनी-डीव्ही कॅसेट आहेत, सहा. आजोबा त्यानंतर वर्षभरात गेले. त्यांचा आवाज असलेली दुसरी कुठलीच वस्तू घरात नाही, कारण फोटोत आवाज नसतो आणि तेव्हा मोबाईलमध्ये व्हिडिओ कोणी काढत नव्हतं. कॅमकॉर्डर चालू आहे, पण त्याच्या यूएसबीतून फक्त फोटो येतात. पूर्ण व्हिडिओ येतो तो फायरवायरमधूनच. तपकीर गल्लीत एका दुकानदाराकडे कप्प्याच्या तळाशी फायरवायरचं कार्डबस कार्ड मिळालं. तो म्हणाला, "हे अजून कोण मागतं?" कॅसेट जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ कॉपी करायला लागतो आणि तासाला साधारण १३ जीबी होतात. तीन झाल्या. तिसऱ्या कॅसेटमध्ये आजोबा मांडवात कोणावर तरी ओरडतायत, "अरे पंगत बसवा आधी!" आई ते चार वेळा बघत बसली.

२०२५ मध्ये ॲपलने मॅकओएस टाहोमधून फायरवायर काढून टाकलं. लिनक्समध्ये ते सांभाळणारे लोक २०२९ पर्यंत बघू म्हणालेत. म्हणजे ज्यांच्या घरी अशा कॅसेट आहेत त्यांनी 'बघू कधीतरी' म्हणण्यात अर्थ नाही. कॅसेटही तोपर्यंत थांबणार नाहीत, बुरशी लागते.

तर मग ती फट का गेली? कारणं खरी आहेत, मी काही कटकारस्थान वगैरे म्हणत नाही. ८५ बाय ५४ मिलिमीटरची पोकळी म्हणजे आजच्या लॅपटॉपमध्ये केवढी जागा! तिथे बॅटरी बसते. बहुसंख्य लोकांनी नकली कार्ड कधी बाहेरच काढलं नाही. ॲपलने २००९ मध्ये १५ इंची मॅकबुक प्रोमधून एक्सप्रेसकार्ड काढून एसडी कार्डाची फट दिली, १७ इंचीत ती २०१२ पर्यंत टिकली, मग तो १७ इंचीच बंद झाला. मधल्या काळात २०११ ला थंडरबोल्ट आलं, म्हणजे तोच पीसीआय एक्सप्रेस पण वायरीतून. आज थंडरबोल्ट ३ किंवा ४ वर चार लेनचा ग्राफिक्स बॉक्स जोडता येतो. वेगाच्या बाबतीत एक्सप्रेसकार्ड हरलं, आणि व्हायलाच हवं होतं. मित्राचा 'बट व्हाय' इथे मला मान्य आहे.

माझा मुद्दा वेगळाच आहे. फट ठेवणारी कंपनी एक गोष्ट कबूल करत होती, की हा माणूस या मशीनचं काय काय करेल हे आम्हाला माहीत नाही. २००६ मध्ये तो लॅपटॉप बनवणाऱ्याच्या डोक्यात मामाचं व्हीएमसी नव्हतं, आजोबांची पंगत नव्हती. आजच्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम सोल्डर केलेली, कधी एसएसडीही सोल्डर केलेली, आणि आपण तो घेताना ईएमआय किती यापलीकडे काही विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. माझा स्वतःचा लॅपटॉप आठ जीबीत अडकलाय, आणि त्याचा दोष मी दुसऱ्या कोणाला देऊ शकत नाही.

फटी अगदीच संपल्यात असंही नाही, त्या पोटात गेल्यात. खालचे स्क्रू काढले की बऱ्याच लॅपटॉपमध्ये एम.२ चे दोन-तीन स्लॉट दिसतात. एकात एसएसडी, एकात वायफाय कार्ड, आणि ऑफिस वापराच्या मॉडेलमध्ये एक रिकामा, फोर-जीच्या कार्डासाठी राखलेला. आपल्याकडे फोर-जीचं कार्ड न घालताच हे मॉडेल विकतात, पण स्लॉट तसाच असतो. काही मॉडेलमध्ये त्या रिकाम्या स्लॉटमध्ये ४२ मिलिमीटर लांबीची छोटी एसएसडी बसते. मी बहिणीच्या लॅपटॉपमध्ये बसवली. तिची जुनी डिस्क भरली होती आणि ती नवा लॅपटॉप घ्यायला निघाली होती. घेण्याआधी खाचेची जागा बघा, त्या स्लॉटला पीसीआय एक्सप्रेस खरंच जोडलाय का हे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. सगळ्यांत चालत नाही. वायफाय कार्ड बदलणंही सोपं असतं, फक्त एएक्स-२०० आणि एएक्स-२०१ यातला फरक लक्षात ठेवा. २०० कुठेही चालतं, २०१ ला इंटेलचा विशिष्ट चिपसेटच लागतो. दुकानदार 'सेमच आहे' म्हणेल. सेम नाही. काही जुन्या लॅपटॉपचं बायॉस तर यादीत नसलेलं कार्ड दिसलं की चालू व्हायलाच नकार देतं, तेही आधी तपासा. (आणि ऑफिसचा लॅपटॉप कृपया उघडू नका. आयटीवाल्यांचा मेल येतो, मग मॅनेजरचा.)

एसडी कार्डाची फट असेल तर तिला सुद्धा कामाला लावा. अर्ध्या लांबीची कार्डं मिळतात, ती कडेच्या बाहेर येत नाहीत. त्यावर फोटोंची दुसरी प्रत, गाणी, नाहीतर अडीअडचणीला लिनक्स. बूट मात्र सगळ्यांत होत नाही, रीडर आतून यूएसबीला जोडलेला असेल तर शक्यता जास्त. रोजची ऑपरेटिंग सिस्टम त्यावर चालवू नका, कार्ड लवकर मरतं. आणि त्या बाजूच्या 'लॉक'च्या खटक्यावर फार विश्वास नको. तो कार्डाला काही सांगत नाही, फक्त रीडरला विनंती करतो.

सगळ्यात जास्त उत्सुकता मला फ्रेमवर्कची आहे. २०२१ पासून ही अमेरिकन कंपनी लॅपटॉप विकतेय, ज्यात कडेला चार खाचा असतात आणि त्यात आपल्याला हवं ते कार्ड घालायचं. एचडीएमआय, इथरनेट, मायक्रोएसडी, नुसती स्टोअरेज. माझ्या एका मित्राने अमेरिकेहून येताना आणला, मी अर्धा तास ती कार्डं काढत-घालत बसलो होतो, दुसरीतल्यासारखाच. तांत्रिकदृष्ट्या बघाल तर आत साधं यूएसबी-सी आहे, म्हणजे हे डोंगलच, फक्त त्याला राहायला घर मिळालंय. पण घर मिळणं हीच तर मोठी गोष्ट ना, पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. शिवाय कार्डाची डिझाइन उघडी आहेत, त्यामुळे लोक घरी स्वतःची कार्डं बनवतात. कोणी तर त्यात नुसता छोटा खण केलाय, आत खाऊ ठेवायला! त्यांच्या १६ इंची मॉडेलमध्ये तर मागच्या बाजूला आठ लेनचा पीसीआय एक्सप्रेस आहे, ग्राफिक्सचा अख्खा भाग बदलता येतो. एक्सप्रेसकार्डाच्या एका लेनवर ज्यांनी दिवस काढले त्यांना याचं मोल कळेल.

महाग आहे, हे आहेच. माझा पुढचा लॅपटॉप तोच असेल असं मी आत्ता छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पुढच्या वेळी दुकानात गेलो की पहिला प्रश्न 'याचं खालचं झाकण किती स्क्रूंचं आहे' हा असेल, आणि सेल्समनचं तोंड बघण्यासारखं होईल.

सध्याची अडचण वेगळीच आहे. तो काळा लॅपटॉप मामाने वर्कशॉपमध्येच ठेवून घेतलाय. टूलच्या कपाटावर, प्लास्टिकच्या पिशवीत, वर ऑपरेटरच्या अक्षरात 'हात लावू नये' अशी चिठ्ठी. माझ्या मुंजीच्या तीन कॅसेट अजून बाकी आहेत. दर रविवारी मी विषय काढतो, आणि मामा म्हणतो, "नेशील रे, घाई काय आहे? पोहे खा आधी."